आमच्या साडभाऊंचा सर्व्हर

मलकापूरपासून मेहकरापर्यंत जेवढे म्हणून संगणक असतील, त्यांतल्या निम्म्यांनी तरी आयुष्यात एकदा आमच्या साडभाऊंच्या शिव्या खाल्ल्या आहेत आणि त्या खाऊन ते निमूटपणे सुरू झाले आहेत, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. माझ्या या बोलण्याला थोडी जास्त किंमत द्यावी, कारण पहिली आठ-नऊ वर्षं हा माणूस मला मुळीच आवडत नव्हता. साडू हे नातंच तसं असतं. दोन बहिणींनी दोन वेगळ्या माणसांशी लग्नं केली, एवढ्या एका कारणावरून त्या दोन माणसांना जन्मभर एकाच तराजूत बसावं लागतं. आमच्या तराजूत साडभाऊंचं पारडं कायम खाली आणि मी कायम हवेत. घरातला मिक्सर बंद पडला की बायको म्हणायची, "भाऊजींना विचारा." टीव्हीवर मुंग्या आल्या की, "भाऊजींना विचारा." एकदा शेजारच्यांची म्हैस दूध देईना, तर तिथंही हिच्या तोंडून सवयीनं तेच निघालं.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव पिंपळगाव राजा. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, तारुण्य खांबावर चढण्यात गेलं. पुढे घरोघरचे ते काळे फोन मुके झाले तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि ज्या वयात माणसं चारधामची चौकशी करतात त्या वयात एक जुना संगणक विकत आणला. आणला त्याच दिवशी ओसरीवर सतरंजी अंथरून तो पूर्ण सुटा केला. त्याचे सगळे भाग जोडून होईपर्यंत ओसरीवर पाय ठेवायला कुणाला परवानगी नव्हती. आलेल्या पाहुण्यांना आक्कानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मागच्या दारानं आत घेतलं आणि मागच्याच दारानं वाटेला लावलं. नंतर शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचली. समजलेल्या ओळीखाली निळी रेघ, न समजलेल्या ओळीखाली लाल. दोन-तीन वर्षांत लाल रेघांवरही निळ्या रेघा आल्या आणि साडभाऊ जुन्या स्कूटरवर बसून गावोगावची ऑफिसं जोडत फिरू लागले.

त्यांची बोलण्याची एक विलक्षण पद्धत होती. माणूस लहान असो की मोठा, त्याला 'तुमी'. आणि यंत्र कितीही महागाचं असलं तरी त्याला 'बे'. एका दमात दोन्ही चालायचं. "काऊन बे, झोपला काय? सकाळपासून इथी मानसं ताटकळून राह्यली... तुमी बसा ना साहेब, तुमी काऊन उभे?" एका ऑफिसातल्या नव्या साहेबांना वाटलं की ते 'बे' आपल्यालाच आहे. साहेब लाल झाले. साडभाऊंनी त्यांच्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, तुमाले नाई. तुमी काय बिघडले नाई अजून."

दुसरी सवय म्हणजे त्यांचा तो प्रश्न. कुठलंही गाऱ्हाणं कानावर आलं की ते आधी विचारणार, "शेवटचं काय बदललं?" त्यांचं म्हणणं, चालू असलेली वस्तू आपल्या मनानं बंद पडत नाही, कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं. हा प्रश्न त्यांनी संगणकापुरता ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. नांदुऱ्याला आमच्या सासऱ्यांच्या पोटात एकदा आठवडाभर दुखत होतं. डॉक्टर नाडी बघत बसलेले असताना हे पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसले. "बाबा, शेवटचं काय बदललं?" सासरे कण्हत म्हणाले, काही नाही. "आठवून पाहा. पानी? दूध? पानाचा चुना?" शेवटी निघालं की पानवाला गावाला गेला होता आणि सासरे दुसऱ्या टपरीवरचं पान खात होते. पान बंद झालं, दोन दिवसांत पोट थांबलं. डॉक्टरांनी साडभाऊंना चहा पाजला. माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

घड्याळांचं तर विचारूच नका. ऑफिसच्या जाळ्यात सर्व्हरचं घड्याळ आणि बाकीच्या संगणकांची घड्याळं पाच मिनिटांहून जास्त चुकली, तर सर्व्हर कुणालाच ओळख देत नाही, पासवर्ड बरोबर असला तरी. ही गोष्ट त्यांनी एकदा अनुभवली आणि तेव्हापासून जगातल्या सगळ्या घड्याळांचा त्यांना घोर लागला. चुलत मेव्हणीच्या लग्नात अक्षता वाटून झाल्या होत्या, मंगलाष्टकं सुरू व्हायची होती, आणि हे मांडवात उभे राहून म्हणाले, "थांबा. मांडवातलं घड्याळ सात मिन्टं पुढं हाये, लग्न लावनाऱ्या महाराजाच्या हातातलं चार मिन्टं मागं हाये. दोघाईचं जुळल्याशिवाय मेळ कसा बसंन?" नवरदेवाकडच्यांना हा काहीतरी अपशकुन वाटला. एक आत्याबाई रडू लागल्या. शेवटी सगळ्यांनी आपापली घड्याळं काढून साडभाऊंच्या मोबाइलवरून लावून घेतली आणि मगच लग्न लागलं. तो संसार अजून उत्तम चालू आहे, आणि त्याचं श्रेय कुणाला जातं हे साडभाऊंना विचारायची सोय नाही.

मी मलकापुरात हायवेलगतच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कारकून आहे. खेड्यापाड्यांतून कापूस येतो, काट्यावर मोजला जातो, त्याची सरकी वेगळी होते आणि रुईच्या गाठी बांधून पुढे जातात. आमच्या शेठना सात संगणक एकमेकांना जोडून हवे होते. साडभाऊंचं नाव मीच सुचवलं, म्हणजे बायकोनं मला सुचवायला लावलं. त्यांनी शेठच्या केबिनलगतच्या सामानाच्या खोलीत एक सर्व्हर बसवला आणि यंत्रांना आमच्या जिल्ह्यातली नावं दिली. काट्यावरचा संगणक मोताळा. माझा नांदुरा. कोपऱ्यातला जुनाट, धापा टाकणारा संगणक सुलतानपूर, आणि त्याच्या शेजारचा प्रिंटर लोणार, कारण त्याच्या पोटात गेलेला कागद पुन्हा दिसत नसे. सर्व्हर अर्थातच बुलढाणा. "जिल्ह्याचं ठिकान," साडभाऊ म्हणाले. "कोनालेबी काम सुरू करायचं तर आधी बुलढान्याले जाऊन ओळख पटवा लागंन. तिथून शिक्का भेटला का मंग आपल्या जागेवर बसा." म्हणजे सकाळी आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की ते सर्व्हरकडे जायचं, त्यानं हो म्हटलं तरच संगणक उघडायचा. त्यांनी ते काम इतकं कडक केलं होतं की सर्व्हरच्या होकाराशिवाय खुद्द शेठही आत जाऊ शकत नसत. अडीअडचणीसाठी म्हणून प्रत्येक यंत्राचा एक वेगळा चोरदरवाजा होता. त्याचा पासवर्ड त्यांनी एका पाकिटात घालून, पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं. "तुमी घरचे मानूस," म्हणाले. "दुसऱ्या कोनापाशी देऊ?"

आता मी जे केलं ते सांगतो. दिवाळीनंतरचे दिवस, कापसाचा हंगाम ऐन भरात. शनिवारी दुपारी शेठ इंटरनेट फार मंद झालं म्हणून कुरकुरत होते. "बोलाव तुझ्या साडूला," म्हणाले. मला ते लागलं. साडूला कशाला, मी काय मेलो? मोबाइलवर एका तरुणाचा व्हिडिओ पाहिला. तो सांगत होता की संगणकाच्या सेटिंगमध्ये डीएनएस नावाची एक जागा असते, तिथला आकडा काढून बाहेरच्या एका मोठ्या कंपनीचा आकडा टाका, इंटरनेट पळू लागेल. मी पाकीट फोडलं आणि एकेक करत सातही संगणकांवर तो आकडा टाकला. इंटरनेट खरोखर पळालं. निदान तसं वाटलं. शेठनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. घरी जाताना मी बायकोसाठी अर्धा किलो पेढे नेले आणि कशाचे ते सांगितलं नाही. वेळ आली की सांगू म्हटलं.

वेळ सोमवारी सकाळी आली. मी पोचलो तेव्हा काट्यापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून हायवेपर्यंत ट्रॅक्टर उभे होते. काट्यावर बसणारे इस्माईलभाई खोलीच्या दारात उभे राहून कपाळावर हात मारत होते. "भाऊ, मोताळा अंदर लेने को तयार नहीं!" पडद्यावर लिहून आलं होतं की डोमेनशी संपर्क होऊ शकत नाही. माझ्या नांदुऱ्याचं तेच, सुलतानपूरचं तेच. कुणालाच बुलढाणा सापडत नव्हता. काट्याचा आकडा थेट संगणकात जातो, मापाची चिठ्ठी तिथूनच छापून निघते. हातानं चिठ्ठ्या लिहिण्याची पद्धत शेठनी स्वतःच बंद करून टाकली होती. त्यात आकाश भरून आलेलं. उघड्या ट्रॉल्यांमधला पांढराशुभ्र कापूस आणि वर काळं आभाळ. रांगेतली माणसं खाली उतरून एकमेकांना ताडपत्रीचं विचारत होती. एक म्हातारे गृहस्थ आपल्या ट्रॉलीवर चढून अंगावरची घोंगडी कापसावर पसरत होते. ट्रॉली केवढी, घोंगडी केवढी. पण तेव्हाही या सगळ्याचा माझ्या शनिवारच्या पराक्रमाशी संबंध असेल हे डोक्यात आलं नाही. सर्व्हर मेला, एवढंच मला वाटलं.

साडभाऊंना फोन लावला. "दिवा लागून राह्यला काय त्याचा?"

"हाव."

"कोनता?"

"हिरवा."

"मंग मेला नाई. निंगालो मी."

तासाभरात स्कूटर आली. डोक्याला पंचा, पाठीला पिशवी. त्यांनी आधी सर्व्हरवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "ताप नाई." मग खुर्ची ओढून बसले आणि सगळ्यांना बोलावलं. "शनवारपासून शेवटचं काय बदललं?"

इस्माईलभाई प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "भाऊ, मैंने सिर्फ काटे की खिडकी का पर्दा बदला." साडभाऊ उठले, काट्याच्या खोलीत गेले, पडदा वर करून त्यामागची वायर हातानं चाचपली, पडदा परत सोडला. "पडदा बरा हाये. रंग चांगला घेतला." मग माझ्याकडे वळले. "तुमी?"

त्या क्षणी मला व्हिडिओतला तो तरुण आठवला. शेठ समोर उभे होते. "नाई," मी म्हणालो. "काईच नाई."

ते तिथंच मोताळ्यासमोर बसले. त्याच्या चोरदरवाजानं आत गेले आणि काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करू लागले. "काऊन बे बुलढान्या, हायेस का तिथी?" सर्व्हरला त्याच्या आकड्यानं हाक मारली तेव्हा त्यानं लगेच चार वेळा ओ दिली. नावानं हाक मारली तेव्हा मात्र चिडीचूप. साडभाऊंनी चष्मा कपाळावर सारला. "शेठ, मानूस घरी हाये. त्याचा पत्ता सांगनारा चुकून राह्यला."

"म्हणजे काय?" शेठ बाहेरच्या रांगेकडे बघत म्हणाले.

"म्हंजे पाहा, संगनकाले नाव समजत नाई, आकडा समजते. नावाचा आकडा कोनता हे सांगाले एक मानूस लागते. आपल्या घरात ते काम बुलढानाच करते. आता ह्या मोताळ्यानं आपल्या बुलढान्याचा पत्ता गावात न इचारता दूर परदेशात इचारला, तर तथल्या मानसाले काय ठाव? तो सांगतो, असं गाव नाई."

एवढं बोलून त्यांनी त्या संगणकाचा सगळा पत्त्याचा कागद पडद्यावर काढला. तिथं, जिथं सर्व्हरचा आकडा असायला हवा होता, तिथं माझा शनिवारचा आकडा बसला होता. साडभाऊंनी त्या आकड्यावर बोट टेकवलं. ते पाकीट माझ्याशिवाय कुणाकडे नव्हतं. ते वळले, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. आणि म्हणाले, "साडभाऊ, घोटभर पानी आना बरं."

मी पाणी घेऊन आलो तोवर मोताळा दुरुस्त झाला होता. बाहेरून इस्माईलभाईंची आरोळी आली, "चल गया! चल गया!" आणि पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला. म्हातारे गृहस्थ ट्रॉलीवर घोंगडीचं टोक धरून बसल्या बसल्याच काट्यावर आले, त्यांना वजनाआधी खाली उतरवावं लागलं. साडभाऊ दुसऱ्या संगणकावर बसले, मग तिसऱ्या. चौथ्यापाशी ते उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "हा तुमी करा," हळू आवाजात म्हणाले. "कुटी जायाचं ते तुमाले मालूम हायेच." मी केला. पाचवा, सहावा, सातवाही मीच केला. ते मागे उभे राहून पाहत होते. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला फार बरं वाटलं असतं.

दुपारपर्यंत रांग ओसरली. आभाळही दोन-चार थेंब शिंपडून घाटाकडे सरकलं. मग शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "चूक कुणाची?"

"माही," साडभाऊ म्हणाले. "मी एक दार उघडं ठेवलं होतं. कडी लावाले पाह्यजे होती."

शेठ तापलेलेच होते. ते म्हणाले, ऐन हंगामात असं होणार असेल तर हे काम अकोल्याच्या एखाद्या कंपनीलाच दिलेलं बरं. साडभाऊंनी मान हलवली. "जशी तुमची मर्जी, शेठ." पंचा खांद्यावर टाकला आणि बाहेर पडले. जाताना सामानाच्या खोलीचं दार त्यांनी हलकेच ओढून घेतलं, आत कुणी निजलेलं असावं तसं.

मी फाइल हातात घेऊन तिथंच उभा होतो. आमचं ऑफिस हे त्यांचं सगळ्यात मोठं काम. कुणाकडेही गेले तरी ते सांगायचे, "मलकापुरात माहा एक बुलढाना हाये." आणि मी आठ-नऊ वर्षं या माणसाला पाण्यात पाहत होतो. माझ्या तोंडून शब्द कसे निघाले मला आठवत नाही. "शेठ, दार उघडं नव्हतं. पाकीट मी फोडलं. आकडा मी बदलला. शनिवारी इंटरनेट पळालं ना, ते त्यानंच."

शेठ तोंडातली सुपारी थांबवून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "म्हणजे शनिवारी मी तुझ्या पाठीवर थाप मारली ती याच्यासाठी?"

"हो."

"इकडे ये." मी गेलो. त्यांनी पाठीवर पुन्हा एक मारली, पण या वेळी चांगली सणसणीत. "झाली फिट्टंफाट. आता हंगाम संपेपर्यंत सकाळी सातला येऊन इस्माईलभाईजवळ काट्यावर बसायचं. आणि तुझ्या साडूला थांबव, अजून फाटकातून गेला नसेल."

साडभाऊ खरंच फाटकाजवळ स्कूटरला किक मारत होते. मी धापा टाकत पेढ्यांसकट सगळं सांगितलं. खूश होतील वाटलं, तर चिडले. "काऊन सांगतलं तुमी? एका मानसानं बोलनं खाऊन काम भागून राह्यलं होतं. आता दोघाईनं खाल्लं!" मग म्हणाले, "पाठीत जोरात बसली काय?"

"हाव."

"दाखवा." आणि भर फाटकात त्यांनी माझा सदरा वर करून पाठ पाहिली. "काई नाई. पेढा खा एखादा."

घरी त्यांनी यातलं अक्षरही काढलं नाही. पुढे नांदुऱ्याला सगळे जमलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, भाऊजी, एखादी गंमत सांगा. तर त्यांनी हीच गोष्ट सांगितली. ऑफिसाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, फक्त 'एक लय हुशार मानूस' होता. सगळे हसले, आणि सर्वांत जास्त हसली माझी बायको. डोळ्यांतलं पाणी पुसत ती म्हणाली, "कोण होता हो तो बावळट?" साडभाऊ ताटातल्या भाकरीकडे बघू लागले. मी म्हणालो, "मी." मग बायकोच्या तोंडावर पदर गेला आणि ती पुन्हा हसायला लागली ती थांबेचना. तेव्हापासून आमच्या घरात मी हवेतल्या पारड्यातून थोडा खाली आलो, असं मला वाटतं. कसा आलो ते मला सांगता येणार नाही.

आता शेठचे चिरंजीव कारभार बघतात. सगळं काम इंटरनेटवरून कुठल्यातरी दूरच्या यंत्रांवर चालतं आणि बिघाड झाला की फोनवर एक मुलगी गोड आवाजात तक्रारीचा नंबर देते. तेही चांगलं आहे, काम अडत नाही. साडभाऊंनी फिरणं सोडलं. गेल्या महिन्यात मी सहज पिंपळगाव राजाला गेलो, तर आक्का म्हणाली, वाचनालयात आहेत. गावच्या वाचनालयाला कुणीतरी चार जुने संगणक दिले होते आणि हे स्टुलावर बसून वायरच्या टोकाला जोडणी बसवायच्या खटपटीत होते. वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात, त्या एका ठरलेल्या क्रमानं टोपणात घालून दाबायच्या असतात.

"बरं झालं आले," म्हणाले. "डोयाले आता नारंगी अन् तपकिरी एकसारखंच दिसते. तुमी धरा."

मी खाली फरशीवर बसलो. ते डोळे मिटून सांगू लागले, "पांढरा-नारंगी. नारंगी. पांढरा-हिरवा. निळा..." मी एकेक तार सरळ करून लावत गेलो. पहिली टोपणं वाया गेली. ते रागावले नाहीत, पिशवीतून नवं टोपण काढून देत राहिले. चौथ्या की पाचव्या खेपेला बारीक हिरवा दिवा लुकलुकला.

"लागला?"

"लागला."

काम झालं होतं. बाहेर ऊन उतरलं होतं, पारावरची माणसं घरी निघाली होती. मी पक्कड पिशवीत ठेवली, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि म्हणालो, "निंगायचं काय साडभाऊ? आक्का वाट पाहत असंन."

"बसू थोडकं," ते म्हणाले. "चालू झालेलं पाह्याले बरं वाटते."